कॉलेजच्या वायफायच्या कागदावर सही करण्याआधी

प्रवेशाचे दिवस आहेत. गेल्या आठवड्यात पुतणी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली ती कागदांची चळत घेऊनच. फीची पावती, रॅगिंगविरोधी हमीपत्र, ओळखपत्राचा अर्ज, आणि सगळ्यात खाली चार पानांचं बारीक अक्षरातलं इंग्रजी पत्रक: कॉलेजचे संगणक आणि नेटवर्क वापरण्याचे नियम. शेवटी सहीची रेघ. "काका, सगळ्यांनी न वाचताच सह्या केल्यात. मीही करून टाकू?"

मी बडोद्यातल्याच एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं. असं पत्रक शेकडो मुलांपुढे ठेवलं असेल, पण त्यातला एकेक नियम का आहे हे सांगायला कधी निवांत बसलो नाही, याची आज खंत वाटते. कारण न सांगता लावलेला नियम मुलांना नुसता धाक वाटतो, आणि धाकाला वळसा कसा घालायचा हे ती चटकन शिकतात. त्या संध्याकाळी आम्ही चारही पानं ओळीने वाचली. तिचे प्रश्न आणि मला देता आलेली उत्तरं इथे मांडतोय.

## वाडा मोठा, दरवाजा एक

आपले जुने वाडे आठवा. रस्त्यावर एकच दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती पंधरा-वीस बिऱ्हाडं. टपालावर पत्ता असायचा तो वाड्याचा. पत्र कुणाचं, हे आतल्यांनी बघून ज्याचं त्याला द्यायचं.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. कॉलेजात दोन हजार मोबाइल आणि लॅपटॉप असले तरी बाहेरच्या जगाला दिसणारे पत्ते बहुधा मोजकेच असतात, कधी कधी तर एकच. आतल्या यंत्रांना खोली क्रमांकासारखे अंतर्गत पत्ते मिळतात. दारावर बसवलेलं राउटर नावाचं यंत्र कुणाची मागणी बाहेर गेली आणि आलेलं उत्तर कुणाच्या खोलीत पोचवायचं, याचा हिशेब ठेवतं.

ही एवढी गोष्ट कळली की पत्रकातले निम्मे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. वाड्यातल्या एकाने कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारी बुडवली आणि वाण्याला नुसतं वाड्याचं नाव ठाऊक असलं, तर तो साऱ्या वाड्याचीच उधारी बंद करेल. इथेही तेच होतं. आतल्या एका संगणकातून हजारो लोकांना फसवे ईमेल गेले, की मेल सेवा चालवणाऱ्या कंपन्या तो पत्ता काळ्या यादीत टाकतात. कॉलेजचा मेल सर्व्हरही त्याच पत्त्यावरून बोलत असेल, तर प्लेसमेंटसाठी कंपनीला पाठवलेली मेल स्पॅममध्ये जाऊन पडते. ज्या मुलीची मुलाखत हुकते तिला हे कशामुळे झालं, याचा पत्ताही लागत नाही.

## पुस्तकांची पेटी

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं आणि बडोदा संस्थानात सार्वजनिक वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. मांडवीची सेंट्रल लायब्ररी त्याच कामाचा भाग. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. गावात आलेली पेटी साऱ्या गावाची असायची, आणि एकाने पानं फाडली की पुढच्या गावाला अर्धंच पुस्तक मिळायचं.

आजच्या विद्यार्थ्यांची पेटी म्हणजे संशोधनाची नियतकालिकं. त्यांची वर्गणी एकट्या विद्यार्थ्याला परवडणारी नसते, लहान कॉलेजांनाही ती जड जाते. म्हणून केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था. योजनेचं काम पाहणारी इन्फ्लिबनेट ही संस्था आपल्या गांधीनगरची. खासगी आणि अनुदानित कॉलेजांपर्यंत हे सगळं अजून पोचायचं आहे, पण दिशा मला फार मोलाची वाटते. बडोद्याचा माणूस म्हणून तर जास्तच.

आता वाड्याकडे वळू. तुम्ही त्या कॉलेजचे आहात हे प्रकाशकाला कसं कळतं? बऱ्याचदा कॉलेजच्या आयपी पत्त्यावरून. हवा तो लेख उतरवून घ्या, वाचा, प्रबंधात वापरा, कुणाची हरकत नाही. मात्र एखाद्याने छोटा प्रोग्राम लिहून रातोरात हजारो लेख ओढायला सुरुवात केली, की प्रकाशकाच्या यंत्रणेला ती चोरी वाटते आणि ती तो पत्ताच बंद करते. एका खोलीतला संगणक वेगळा काढून बंद करणं तिला बाहेरून जमत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २०१० साली हेच घडलं. अ‍ॅरन स्वार्ट्झ या तरुणाने तिथल्या नेटवर्कला लॅपटॉप जोडून जेस्टोर या संग्रहातले लक्षावधी लेख उतरवले, आणि जेस्टोरने काही दिवस साऱ्या एमआयटीचं दार बंद केलं. ज्ञान सगळ्यांना खुलं असावं, असं स्वार्ट्झचं मत होतं, आणि ते मत मला चुकीचं वाटत नाही. पुढे त्याच्यावर मोठा फौजदारी खटला उभा राहिला आणि जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. नियम मोडण्याची शिक्षा किती असावी, याचा विचार नियम करणाऱ्यांनी या उदाहरणावरून जरूर करावा. पण तेव्हा ज्यांचं दार बंद झालं, त्या तिथल्या संशोधकांचा त्यात काहीच हात नव्हता, हेही खरंच आहे.

## लाइनीला मोटर

आजवा तलावाचं पाणी नळाला ठरल्या वेळी येतं. गल्लीतल्या एकाने थेट लाइनीलाच मोटर लावली की शेवटच्या घरात बादलीही भरत नाही. इंटरनेटच्या लाइनीतून एका सेकंदात किती माहिती वाहू शकते, त्या मापाला बँडविड्थ म्हणतात. म्हणजे पाइपाची जाडी.

थोडा हिशेब करू. कॉलेजची लाइन १ गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिटची धरू. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला साधारण ५ मेगाबिट लागतात. म्हणजे २०० जण एकाच वेळी व्हिडिओ बघायला बसले की लाइन भरली. विद्यार्थी दोन हजार असतील तर सारखी वाटणी केल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मेगाबिट येतो. एरवी काम चालतं, कारण सगळे एकदम नळ उघडत नाहीत. कुणी मेल बघतो, कुणी नोट्स उघडून नुसत्या वाचत बसतो.

टॉरेंट, म्हणजे फाइली तुकड्यातुकड्यांनी एकमेकांकडून उतरवून घ्यायची पद्धत, ही खरी मोटर. एक सिनेमा ओढताना तुमचा लॅपटॉप एकाच वेळी अनेक अनोळखी संगणकांशी जोडलेला असतो, आणि आलेले तुकडे त्याच वेळी इतरांना वाटतही असतो. त्यामुळे पाइप दोन्ही बाजूंनी तुंबतो. शिवाय चोरीचा सिनेमा असेल तर तो नुसता बघण्याचा प्रश्न राहत नाही. कॉलेजच्या पत्त्यावरून तुम्ही त्याचं वाटप करत असता. परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी लॅबमध्ये रांग लागलेली, पान अर्ध्यावर अडकलेलं, आणि पालडी-पादऱ्याकडून बसने आलेली मुलगी परतीच्या गाडीची वेळ बघत उभी, हे दृश्य मी पाहिलं आहे. टॉरेंटवरची बंदी मला तेव्हापासून जाचक वाटत नाही.

## राउटर घरून आणलं तर काय बिघडतं?

पुतणीच्या मैत्रिणीला वसतिगृहात खोली मिळाली आहे. तिथे वायफाय कमजोर, म्हणून तिच्या भावाने राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडायचं ठरवलं होतं. पत्रकात मात्र "स्वतःचं कोणतंही नेटवर्क उपकरण जोडू नये" असं ठळक लिहिलेलं. वरवर पाहता हा उगाच घातलेला नियम वाटतो.

नव्याने जोडलेला प्रत्येक लॅपटॉप आधी हाक मारतो, "मला खोली क्रमांक कोण देईल?" कॉलेजचं एक यंत्र त्याला आतला पत्ता देतं आणि बाहेर पडायचा दरवाजा कुठे ते सांगतं. घरगुती राउटरलाही हेच काम येतं. त्याची वायर चुकीच्या भोकात गेली की तेही हाकेला ओ देऊ लागतं, आणि जवळ असल्यामुळे त्याचं उत्तर पुष्कळदा आधी पोचतं. स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला कुणीतरी भलत्याच वाड्याचा पत्ता द्यावा, तसं होतं. मजल्यावरचे लॅपटॉप एकामागून एक बंद दरवाजावर जाऊन थडकतात. वायफायची खूण दिसते, पण पान उघडत नाही. अशा वेळी गुन्हेगार राउटर शोधायला खोल्याखोल्यांतून फिरावं लागतं, आणि त्यात अख्खी दुपार जाते. त्या मुलीला मी सांगितलं की वायफाय कमजोर आहे असा लेखी अर्ज द्या, दहा जणींच्या सह्या घ्या. तिथे नवं उपकरण बसवणं ही कॉलेजची जबाबदारी आहे.

## "मित्राला पासवर्ड दिला तर काय झालं?"

पासवर्डला आपण किल्ली म्हणतो, पण कॉलेजात तो सहीचं काम करतो. तुमच्या नावाने आत शिरून जे होईल त्याखाली तुमचं नाव उमटतं. समजा, मित्राने तुमच्या लॉगिनमधून वर्गातल्या मुलीला घाणेरडा मेल पाठवला. नोंदीत तुमचंच नाव दिसणार, आणि "मी नव्हतो" हे पटवून देण्याचा भार तुमच्यावर येणार.

दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणं, माहिती काढून घेणं, व्हायरस सोडणं, काम ठप्प करणं हे सगळं येतं, आणि त्याची भरपाई द्यावी लागते. हेच लबाडीने केलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हा नियम शिक्षकांनाही तेवढाच लागू आहे, आणि तो तिथेच सगळ्यात जास्त मोडला जातो. "सर, तुमचा पासवर्ड द्या, अंतर्गत गुण मी भरून टाकतो," असं एखादा गुणी विद्यार्थी म्हणतो आणि सर विश्वासाने देतात. पुढे एकाचे गुण बदललेले निघाले की सर आणि तो मुलगा, दोघंही संशयात. विश्वास होता म्हणून दिलेल्या पासवर्डाने नातं तुटलेलं पाहणं फार वाईट असतं.

## झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पाहुणा

फतेगंज असो की सयाजीगंज, प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दुकानातल्या संगणकाला लागतो. दिवसभरात शेकडो पेनड्राइव्ह तिथे लागलेले असतात. मग तोच लॅबमध्ये येतो आणि दुसऱ्या दिवशी व्हायरसमुळे प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागतो. हे दुखणं कॉलेजच्या लॅबमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. उपाय साधा आहे. प्रिंटची फाइल स्वतःला मेल करण्याऐवजी, शक्य असेल तर मोबाइलवरून दुकानदाराला पाठवा. दुकानातल्या संगणकावर स्वतःचा मेल उघडू नका, कारण तिथे लॉगआउट करायचं राहून जातं. आणि पेनड्राइव्ह वापरलाच तर लॅबमध्ये लावल्यावर आधी स्कॅन करा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअरही याच वाटेने आत येतं, अ‍ॅंटीव्हायरस बंद करायला सांगून.

एका संगणकातून काय होऊ शकतं? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर रॅन्समवेअरने ठप्प झाले. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्याच फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. इतक्या मोठ्या रुग्णालयात पुढचे कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंत सगळं हाताने लिहावं लागलं. कॉलेजच्या बाबतीत ते कुलूप गुणपत्रिकांना आणि कुणाच्या तरी पाच वर्षांच्या प्रबंधाला लागेल.

## "आम्ही तर शिकण्यासाठी करून बघतो"

ही हरकत मला सगळ्यात जवळची आहे, कारण लॅबमध्ये दार ठोठावून बघणारी मुलंच पुढे उत्तम अभियंते झालेली मी पाहिली आहेत. कुतूहल मारून नियम पाळायला लावणं मला मान्य नाही. पण प्रयोग कुठे करायचा, याला फार महत्त्व आहे.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने आपोआप पसरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. फाइली पुसायचा त्याचा हेतू नव्हता. पण एकाच संगणकावर पुन्हा पुन्हा जाऊन बसायचं प्रमाण त्याने चुकीचं ठरवलं, आणि संगणक ओझ्याने बसत गेले. तेव्हाच्या इंटरनेटवरच्या सुमारे ६० हजार संगणकांपैकी ६ हजारांना तो लागला, असा अंदाज सांगितला जातो. मॉरिसला तीन वर्षांची प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं), ४०० तासांची समाजसेवा आणि दहा हजार डॉलरहून थोडा अधिक दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

दुसरा मुलगा अमेरिकेच्याच रटगर्स विद्यापीठातला. त्याने २०१४ पासून स्वतःच्याच विद्यापीठाचं नेटवर्क वारंवार पाडलं, खोट्या मागण्यांचा पूर आणून. इथे गणित चुकलं नव्हतं, जाणूनबुजून केलं होतं. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला ८६ लाख डॉलर भरायला लावले.

पुतणीने विचारलं, "मग शिकायचं कसं?" स्वतःच्या लॅपटॉपवर संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभा करता येतो. तो हवा तसा फोडा, पुसा, पुन्हा बांधा. कोडी सोडवायच्या सुरक्षा स्पर्धा असतात, त्यात भाग घ्या. कॉलेजच्या यंत्रणेत एखादी फट सहज दिसली, तर आत शिरून बघू नका, दुसऱ्यांचे गुण उघडून पुरावा गोळा करू नका. दिसलं तेवढं लिहून लॅब-प्रमुखांना द्या आणि पोच घ्या. आणि कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे की अशी फट दाखवणाऱ्या मुलावर कारवाईची नोटीस काढू नका. त्याला दटावलं तर पुढची फट कुणीच तुम्हाला सांगणार नाही.

## "म्हणजे आमचं सगळं वाचणार का?"

तिसऱ्या पानावर पुतणी अडखळली. तिथे लिहिलं होतं की नेटवर्कवरच्या व्यवहारांची नोंद ठेवली जाईल. अशा नोंदवहीला लॉग म्हणतात. कोणत्या लॉगिनने, किती वाजता, कोणत्या ठिकाणाशी संपर्क झाला आणि किती माहिती गेली-आली, हे त्यात असतं.

मजकूर मात्र त्यात सहसा नसतो. आजकाल बहुतेक संकेतस्थळांशी होणारं बोलणं बंद पाकिटातून जातं. पत्त्याच्या आधी कुलपाची खूण किंवा एचटीटीपीएस असतं ते हेच. नेटवर्क सांभाळणाऱ्याला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतली चिठ्ठी नाही. तुम्ही बँकेच्या साइटवर गेलात हे कळेल, शिल्लक किती ते कळणार नाही. कॉलेजच्या मालकीच्या संगणकाची गोष्ट वेगळी आहे. त्यावर देखरेखीचं सॉफ्टवेअर असू शकतं, म्हणून खासगी कामं तिथे न केलेली बरी.

व्हीपीएन म्हणजे हे पाकीट आणखी एका मोठ्या पाकिटात घालून तिसऱ्याच माणसाच्या हाती देणं. कॉलेजला मग त्या तिसऱ्याचाच पत्ता दिसतो. पण तो तिसरा कोण? फुकटचं व्हीपीएन चालवणाऱ्याच्या हाती तुम्ही कॉलेजहून जास्त माहिती देत असता, आणि त्याला जाब विचारायला जाणार कुठे?

नोंदी ठेवायलाच का लागतात? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संस्थांनी लॉग १८० दिवस जपावेत आणि सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं, असं म्हटलं आहे. वर सांगितलेल्या घाणेरड्या मेलच्या प्रकरणात निरपराध मुलाला सोडवणारा पुरावाही हा लॉगच असतो. त्या वेळी तो वर्गात होता आणि मेल दुसऱ्या इमारतीतून गेली, हे तिथेच कळतं.

तरीही "कॉलेज कधीही, काहीही तपासू शकतं" असं मोघम वाक्य मला मान्य नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं आहे. लॉग कोण बघणार, कुणाच्या लेखी परवानगीने आणि किती दिवसांनी पुसणार, हे पत्रकात असायलाच हवं. एखाद्या मुलीने कोणती पानं पाहिली हे गंमत म्हणून बघणारा कर्मचारीही तेवढाच दोषी, आणि त्याच्यासाठीही शिक्षा लिहिलेली हवी. पुतणीच्या पत्रकात विद्यार्थ्यांसाठी एकोणीस नियम होते, कर्मचाऱ्यांसाठी एकही नव्हता.

## "फी भरलीय, आणि मोबाइलचा डेटाही आहे"

फी भरून आपण वाड्यातलं बिऱ्हाड घेतो. चौक आणि नळ सगळ्यांचेच राहतात. मोबाइलचा डेटा असेल तर करमणूक जरूर त्यावर करा, कॉलेजची लाइन तेवढी मोकळी राहील. पण नियतकालिकं मोबाइलच्या डेटावर सहसा उघडत नाहीत, आणि प्रत्येकीकडे लॅपटॉप असतोच असंही नाही. आमच्या लॅबमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत बसणारी मुलं बहुतेक अशीच असायची, घरी संगणक नसलेली. नेट बंद पडलं की त्यांचा अभ्यासच थांबायचा.

## सहीच्या वरची रिकामी जागा

सगळं वाचून झाल्यावर पुतणीने विचारलं, "माझं अकाउंट कुणी उघडलं असं वाटलं तर पहिल्यांदा काय करायचं?" पासवर्ड लगेच बदलायचा, दुसऱ्या यंत्रावरून. मग लॅबला लेखी कळवायचं, वेळ टाकून. पैसे गेले असतील तर वाट न बघता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करायचा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

"पण लॅबमध्ये कुणाला कळवायचं?" तिने चारही पानं पुन्हा उलटून पाहिली. शिक्षांची यादी होती, संपर्काचं नाव कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सही न करताच कार्यालयात गेली आणि तेवढंच विचारलं. खिडकीवरच्या बाईंनी आत चौकशी करून खोली क्रमांक आणि अंतर्गत फोन सांगितला, आणि पत्रक गुजरातीत काढायचा विषय वरिष्ठांपुढे ठेवते म्हणाल्या. पुतणीने तो क्रमांक सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने लिहिला, पानाचा मोबाइलवर फोटो काढला, आणि मग खाली सही केली.